पाचशे कोंबड्या विकायच्या कशा, आणि कुणाला

प्रश्न थोडक्यात असा आहे. पाचशे ब्रॉयलर पक्ष्यांची एक शेड. तीन बॅच निघाल्या, मर फारशी नाही, वजनही बरे येते. व्यापारी सगळा लॉट एकदम उचलतो, पण भाव पाडून मागतो, आणि तोच पक्षी ग्राहकाच्या पिशवीत कितीला पडतो ते कळले की झोप उडते. वहीत नफा दिसतो, हातात राहत नाही. तर व्यापारी सोडून थेट विक्री करावी का, जोडीला अंड्यांच्या कोंबड्या ठेवाव्यात का, आणि दुसरी शेड बांधावी का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर शेवटीच देतो, कारण ते पहिल्या दोहोंवर अवलंबून आहे.

हिशेबाला बसण्याआधी एक सवय लावून घ्या. भाव पैशांत मोजू नका, खाद्यात मोजा. पैशांतले आकडे सहा महिन्यांत शिळे होतात. खाद्य महागले की पक्षीही महागतो, आणि आपल्याला उगाच वाटते की या वेळी भाव चांगला मिळाला. मी एक किलो खाद्याच्या किमतीला एक माप म्हणतो. पिल्लू, मजुरी, बर्फ, पिशव्या, गाडीभाडे, सगळे याच मापात लिहितो. मग पाच वर्षांपूर्वीची बॅच आणि कालची बॅच शेजारी ठेवता येतात.

आता तुमची बॅच घेऊ. ५०० पिल्ले, ४ टक्के मर, म्हणजे विकायला ४८० पक्षी. सरासरी दोन किलो धरले तर ९६० किलो जिवंत माल. एफसीआर १.७ धरू, म्हणजे किलोभर वजनाला १.७ किलो खाद्य. एकूण खाद्य साधारण १,६३० किलो. ब्रॉयलरच्या खर्चात खाद्याचा वाटा बहुधा ६० ते ७० टक्के असतो. त्या अंदाजाने पिल्ले, तूस, लस-औषध, ऊब, वीज आणि तुमची रोजची मजुरी धरून बॅच २,४०० मापांना पडते. किलोला अडीच माप. ही तुमची रेघ. या रेघेखाली जो भाव मिळेल त्यात तुम्ही पदरचे घालता, मग पैशांतला आकडा कितीही भरघोस दिसो. तुमच्या वहीतले आकडे वेगळे असतील तर ही रेघ थोडी वर-खाली होईल, पण आधी ती ओढा.

समजा व्यापारी २.७ देतो. ९६० किलोचे २,५९२ माप झाले, नफा १९२. हाच तुमच्या वहीतला नफा. पण ९६० किलो हे शेडमधले वजन आहे, काट्यावरचे नव्हे. पकडण्याआधी खाद्य काढून घेतात, गाडी उशिरा येते, पकडायला आणि भरायला वेळ जातो. आधी पोट रिकामे होते, मग अंगातले पाणी उतरते. तीन टक्के घट यायला फार काही घडावे लागत नाही. ९६० चे ९३१ किलो झाले की नफा १९२ वरून ११४ वर येतो. वजन तीन टक्के घटले आणि नफा चाळीस टक्के गेला. वही आणि खिसा यांतले बरेचसे अंतर इथेच आहे.

मी सुरुवातीला याच ठिकाणी मार खाल्ला, पण वेगळ्या वाटेने. माझ्याकडून माल नेणारा एक जण रिकाम्या क्रेटचे वजन ठरावीक धरून वजा करायचा. दोन वर्षे मी मान हलवत राहिलो. एकदा सहज म्हणून रिकामा क्रेट काट्यावर ठेवला, तर तो त्याच्या आकड्यापेक्षा ३०० ग्रॅमने हलका निघाला. बारा पक्ष्यांचा क्रेट धरला तर ४८० पक्ष्यांना ४० क्रेट, म्हणजे दर लॉटला १२ किलो कोंबडी फुकट. मापात बत्तीस. वरच्या ११४ मधून बत्तीस काढून पाहा. भांडलो नाही. पुढच्या लॉटपासून त्याच्यादेखत दहा रिकामे क्रेट तोलायला लागलो, एवढेच.

म्हणून व्यापाऱ्याला सोडायचे की नाही ते नंतर. आधी त्याच्याशी तीन गोष्टी बोलून घ्या: गाडी किती वाजता येणार आणि खाद्य कधी काढायचे, रिकामा क्रेट कुणाच्या काट्यावर तोलायचा, आणि भाव सगळ्या लॉटचा की निवडीचा. तिसरी गोष्ट बोलायला लोक विसरतात. मोठे पक्षी त्याच भावाने निवडून नेले आणि मागे दीड किलोचे शंभर राहिले, तर त्या शंभरांना दुसरा कुणी तो भाव देत नाही आणि शेडही रिकामी होत नाही.

आता थेट विक्री. दोन किलोच्या पक्ष्याचे पिसे-आतडी काढून, त्वचेसह साधारण ७० ते ७५ टक्के उरते. त्वचा काढून विकलात तर आणखी कमी. ७२ टक्के धरू, म्हणजे १.४४ किलो. इथे पहिली चूक होते. जिवंत पक्ष्याचा भाव आणि साफ मांसाचा भाव लोक शेजारी ठेवतात आणि मधला फरक व्यापाऱ्याच्या खिशात गेला असे समजतात. जिवंतचा २.७ भाव साफ मांसात आपोआपच ३.७५ होतो, कुणी काहीही न कमावता. तुलना तिथून सुरू करायची.

ग्राहक साफ मांसाला किलोमागे पाच माप देतो असे धरा. पक्ष्याचे ७.२ माप आले. व्यापाऱ्याकडून ५.४ आले असते. फरक १.८ माप, आणि हाच तो झोप उडवणारा पैसा. पिशवी, बर्फ, गरम पाणी, इंधन आणि टाकाऊची विल्हेवाट यांत अर्धे माप जाते. टाकाऊ म्हटले की हसू नका. चाळीस पक्ष्यांमागे बावीस किलोच्या वर रक्त, आतडी आणि पिसे निघतात. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांची सोय झाली नाही तर शेजाऱ्यांना तुमचा व्यवसाय कळतोच.

उरले १.३. आता घड्याळ लावा. एका तासाची मजुरी दोन माप धरली आणि हाताने सोलून-साफ करून तासाला सहा पक्षी निघाले, तर पक्ष्यामागे ०.३३ गेले. ऑर्डर घेणे, फोन, सुटे पैसे, वसुली यांचे ०.२ धरा. राहिली पोचवणी, आणि सगळे तिथेच ठरते. तीन तासांच्या फेरीत वीस पक्षी दिले तर पक्ष्यामागे ०.३ पडतात आणि शेवटी अर्ध्या मापाच्या जवळपास शिल्लक राहते. त्याच तीन तासांत आठच दिले तर पोचवणीचे ०.७५ होतात आणि शिल्लक शून्य. पक्षी तोच, ग्राहक तोच, दर तोच. फेरी विरळ झाली एवढेच.

यातून मला दोन गोष्टी दिसतात. व्यापाऱ्याच्या आणि ग्राहकाच्या दरातला फरक हा बराचसा मजुरीचा पैसा आहे; तो त्याने लुटलेला नसतो, कुणीतरी राबून मिळवलेला असतो. घरात मोकळे हात असतील तर तो पैसा घरात येईल आणि ती खरी कमाई आहे. पण त्यासाठी तुम्ही दुसरे काम बुडवणार असाल किंवा माणूस ठेवणार असाल, तर तो आला तसा जाईल. आणि दुसरे, लांबच्या एका ग्राहकाने दर वाढवून दिला तरी एकाच इमारतीतले सहा ग्राहक जुन्या दराने परवडतात. मी ग्राहक घेताना आधी पत्ता पाहतो, मग तो किती घेणार ते विचारतो.

साफ मांस विकण्याआधी कत्तलीचे आणि अन्नविक्रीचे नियम तुमच्याकडे काय आहेत ते बघून घ्या. परवाना लागत असेल तर त्याचा खर्चही या १.३ मधूनच जायचा आहे. थंडाव्यात काटकसर करू नका. साफ केलेला पक्षी लवकरात लवकर ४ अंशांवर आणायचा आणि एक-दोन दिवसांत ग्राहकाच्या चुलीवर गेला पाहिजे, नाहीतर सरळ उणे १८ ला गोठवायचा. एकदा वास आला की ती गोष्ट सगळ्या इमारतीत पोचते.

आता खरी अडचण. शेड सगळे पक्षी एकाच दिवशी तयार करते, ग्राहक मात्र आठवड्याला थोडे-थोडे घेतात. समजा तुम्ही आठवड्याला चाळीस पक्षी थेट विकू शकता. (सुरुवातीला तेवढेही जात नाहीत. ओळखीचे लोक पहिल्या वेळी कौतुकाने घेतात. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी किती उरतात तो तुमचा खरा आकडा.) ४८० पक्षी विकायला बारा आठवडे लागतील. सहा आठवड्यांचा ब्रॉयलर रोज २०० ग्रॅमच्या आसपास खातो. पहिले चाळीस लगेच गेले, दुसरे एक आठवडा थांबले, शेवटचे अकरा आठवडे. हा सगळा थांबण्याचा काळ जोडला तर १८,४८० पक्षी-दिवस होतात, आणि रोजचे २०० ग्रॅम धरूनही सुमारे ३,७०० किलो खाद्य. पूर्ण बॅच वाढवायला १,६३० किलो लागले होते! वजन वाढते हे खरे, पण एक किलो वाढीला लागणारे खाद्य दर आठवड्याला चढत जाते, पाय जातात, हृदय बंद पडून मोठेमोठे पक्षी मरतात, आणि साडेतीन किलोचा पक्षी घरगुती ग्राहकाला नको असतो. थेट विक्रीच्या उत्साहात बुडालेले जे मी पाहिले, ते दरामुळे बुडले नाहीत. वाट पाहण्यात बुडले.

म्हणून पिल्ले शेडच्या मापाने मागवायची नाहीत, विक्रीच्या मापाने मागवायची. दर पंधरवड्याला ९० पिल्ले आणली तर अर्धी ३८ व्या दिवसाच्या सुमाराला, अर्धी ४५ व्या दिवसाच्या सुमाराला विकता येतात. एका वेळी तीन गट वाढत असतात आणि चौथा कप्पा धुऊन रिकामा. तुमच्या शेडमध्ये हे बसते. पण त्याची किंमत आहे: थोडी पिल्ले महाग मिळतात, चार वेळा ऊब द्यावी लागते, आणि शेड पूर्ण रिकामी कधीच होत नाही. मोठ्या पक्ष्यांचा आजार लहानांत उतरतो. रोज आधी लहान पिल्लांचे काम करून मग मोठ्यांकडे जायचे, प्रत्येक कप्प्याची चप्पल वेगळी, असे जमणार असेल तरच या वाटेला जा.

तुम्हाला मी आत्ता मधली वाट सांगेन. पाचशेचीच बॅच घ्या. ३५ व्या दिवशी चाळीस पक्षी काढा, लहान हवे असणाऱ्यांसाठी. ४२ व्या दिवशी आणखी चाळीस. त्याच दोन-तीन दिवसांत उरलेला लॉट व्यापाऱ्याला, आणि त्यातलेच चाळीस स्वतः साफ करून गोठवून ठेवा. म्हणजे १२० थेट गेले, ३६० व्यापाऱ्याकडे, आणि शेड एकदम रिकामी झाली. आधीचे चाळीस काढताना बाहेरचे क्रेट आणि बाहेरची माणसे आत घेऊ नका. आपण पकडा, आपल्या क्रेटमध्ये फाटकापर्यंत आणा. वरच्या हिशेबाने १२० पक्ष्यांवर नफा ५०-५५ मापांनी वाढेल आणि शंभरेक माप मजुरी घरात राहील. थोडे वाटते का? ११४ च्या नफ्यावर ते जवळपास दीडपट झाले, आणि व्यापाऱ्याशी बोलताना तुमचा आवाजही बदलतो, कारण आज माल उचलला नाही तर तुम्ही पूर्ण अडकत नाही. पण त्याला दुखवू नका. थेट ग्राहक गावाला जातात, उपास धरतात, विसरतात. व्यापारी ३६० पक्षी एका सकाळी नेतो, आणि त्या कामाला काही दाम आहेच.

हळू वाढणाऱ्या जातींबद्दल तुम्ही विचारले नाही, तरी सांगतो. या पक्ष्याला विकायला येण्यास तीन ते चार महिने लागतात आणि किलोमागे तीन किलो किंवा जास्त खाद्य लागते, म्हणजे तुमची अडीचची रेघ चारच्या वर जाते. दर तेवढाच चढा मिळणार नसेल तर नाव काढू नका. पण त्याचा एक गुण आहे: तो वाट पाहतो. महिना थांबला तरी बेढब होत नाही, मरत नाही. आठवड्याला पंधरा-वीसच विकणाऱ्याला कधीकधी तोच सोयीचा पडतो.

आता अंडी. मध्ये शेड रिकामी असते, पिल्ले वाढत असतात, आणि सहा-साडेसहा आठवडे तुमच्याकडे ताजे काही नसते. तेवढ्यात ग्राहक दुसरीकडे जातो. अंडे दर आठवड्याला त्याच दारात नेते, त्यामुळे फेरी चालू राहते आणि पक्ष्यांच्या दिवशी तीच फेरी दाट होते. अंड्यांचा मला तरी हाच मोठा उपयोग वाटतो. शिवाय थंड जागी अंडे दोन-तीन आठवडे सहज थांबते, ब्रॉयलरसारखे रोज खात बसत नाही.

पण नुसत्या अंड्यांचा हिशेब कडक आहे. कोंबडी अंड्यावर यायला १८ ते २० आठवडे लागतात आणि तोवर ती सात किलोच्या आसपास खाद्य खाते. पिल्लू आणि बाकी खर्च धरून नऊ माप. नंतर रोज ११५ ग्रॅम. ९० टक्के अंडी पडत असतील तर एका अंड्यामागे १२८ ग्रॅम खाद्य, ६० टक्क्यांवर आली की १९२ ग्रॅम. अंड्याला ०.२ माप मिळत असेल आणि ८५ टक्के उत्पादन असेल, तर खाद्य वजा जाता कोंबडीमागे रोज ०.०५५ माप राहतात. नऊ माप फिटायला साडेपाच महिने. आणि त्याच भावाला ५८ टक्क्यांखाली तर रोजचे खाद्यही निघत नाही. तेव्हा जीव लावलेल्या कोंबड्या काढाव्या लागतात, आणि ते अनेकांना जमत नाही. चाळीस-पन्नास कोंबड्यांनी सुरुवात करा, ब्रॉयलरपासून लांब, वेगळ्या जागी. दोघांचा उजेड वेगळा, खाद्य वेगळे, आजारही एकमेकांना द्यायचे नाहीत.

दर कसा ठेवावा? घाऊक बाजाराबरोबर रोज हलवू नका. बाजार चढला की तुम्ही चढवता, उतरला की ग्राहक उतरवायला लावतो, आणि चढतानाचा फायदा कधी पूर्ण मिळत नाही. मी दर खाद्याला बांधतो. ग्राहकांना सांगून ठेवले आहे की खाद्य दहा टक्क्यांनी हलले तर दर हलेल, एरवी नाही. बाजारभाव पडतो तेव्हा काही जण जातात. बाजार चढला की ते परत येतात, आणि तेव्हा मी आधी टिकलेल्यांना माल देतो. हे जरा आकसाचे आहे, मान्य आहे.

उधारी मात्र मापात बसत नाही. खाणावळी आणि हॉटेले एकदम वीस-तीस पक्षी घेतात, फेरी मस्त दाट होते, आणि महिन्याने पैसे देतात. ४२ दिवस वाढ आणि १० दिवस शेड रिकामी, म्हणजे तुमचे भांडवल वर्षात सातदा फिरते. सगळा माल महिन्याच्या उधारीवर गेला तर ते साडेचारदाही फिरत नाही, आणि मधल्या पिल्लांसाठी तुम्हीच खाद्यवाल्याकडे उधारी मागता, तोही मग चढा भाव लावतो. शिवाय तुमचा नफा विक्रीच्या साडेचार टक्के आहे. वीस ग्राहकांत एकाने बुडवले की बॅचभर फुकट राबलात. हॉटेलला द्यायचेच असेल तर मागच्या वेळचे पैसे घेऊन पुढचा माल, याच बोलीवर.

एक गोष्ट व्यापाऱ्याच्या भावाबद्दल राहिली. भाव चढला की सगळे पिल्ले मागवतात, सात-आठ आठवड्यांनी सगळ्यांचा माल एकदम येतो आणि भाव कोसळतो. मग लोक शेड रिकाम्या ठेवतात, आणि भाव पुन्हा चढतो. छोटा माणूस नेहमी चढत्या भावाला भुलून आत येतो. पक्ष्याचा आजचा भाव पाहून पिल्ले टाकू नका, पिल्लाचा भाव पाहा. पिल्लू फार महागले म्हणजे तुमच्या आधी बरेच जण रांगेत उभे आहेत. बर्ड फ्लूच्या बातमीचे गणित तर त्याहून वेगळे. २००६ मध्ये आजार जिथे कोंबड्यांत आलाही नव्हता तिथेही विक्री घसरली होती. मांस आतपर्यंत ७० अंशांवर शिजले की विषाणू टिकत नाही, हे सांगून त्या आठवड्यात कुणी ऐकत नाही. पक्षी मात्र रोज खातच असतात. त्या वेळी गोठवायची जागा आणि तुमची शेड डोळ्यांनी पाहिलेले पंधरा-वीस ग्राहक, एवढेच कामी येते.

दुसरी शेड? आत्ता नको. पहिल्या शेडमधून सलग सहा महिने, दर आठवड्याला चाळीस पक्ष्यांची मागणी रोखीत आली, आणि निदान दोन महिने तुम्हाला ग्राहकांना नाही म्हणावे लागले, तर पुन्हा विचारा. तोवर त्या पैशांतून आधी चांगला काटा घ्या, मग फ्रीजर.